बघूचा डावा हात

आमच्या ऑफिसात जे तयार होतं ते जगात कोणीही वाचत नाही. मिक्सर, इस्त्री, पंखा असं काही नवीन घरी आणलं की खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद असतो, आणि तो खोक्यासकट माळ्यावर जातो. तो कागद आमचा. यंत्रं कंपन्या बनवतात, त्यांची माहितीपत्रकं आम्ही बनवतो. मजकूर लिहिण्याचं काम माझं. 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे वाक्य मी सहा वर्षांत दोनशेच्या वर वेळा लिहिलंय आणि स्वतःच्या घरी नवी इस्त्री आणली तेव्हा काहीही न वाचता सरळ प्लग लावलाय.

चित्रं काढायचं काम बघूचं. बघू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि बिचारं तिथेच राहिलं. चहाला येतोस का? बघू. सहलीच्या यादीत तुझं नाव घालू का? बघू. तुझी खुर्ची डुगडुगतेय, बदलून देऊ का? बघू. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकला नाही, आणि 'हो' ऐकायला तर नशीबच लागलं असतं. बघू म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. लहानपणी खेळण्यांच्या दुकानापुढे वडील 'बघू' म्हणाले की आपण मुकाट्याने पुढे चालायला लागायचो. कोणाचेही वडील नंतर त्या दुकानात काही बघायला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बघू जगाला नकार द्यायचा तो असा, कागदावरून मान वर न करता. समोरच्याचं काम व्हायचं नाही, पण मनही दुखायचं नाही. मला या गुणाचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा. माझ्या तोंडातून 'नाही' निघतं ते तोफेच्या गोळ्यासारखं. त्यामुळे ऑफिसात तो सर्वांचा लाडका आणि मी सर्वांची 'बाई गं'.

आता हाताची गोष्ट. माहितीपत्रकाच्या चित्रांत यंत्र कमी आणि हात जास्त असतात. बटण दाबणारा हात, झाकण फिरवणारा हात, ओल्या बोटांनी प्लगला शिवू नका म्हणून फुलीखाली झाकलेला हात. बघू हे हात समोर बघून काढायचा. उजव्या हातात पेन्सिल असल्यामुळे समोर धरायला डावाच उरायचा. तब्बल दीड वर्ष हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमचं साहित्य कोणी वाचत नाही हे मी वर सांगितलंच आहे. मग एका इस्त्रीच्या कंपनीत एक नवीन, उत्साही मॅनेजर आला आणि त्याने पत्र पाठवलं : 'आपल्या चित्रांतील सर्व माणसे डावखुरी का आहेत, याचा खुलासा करावा.'

साहेबांनी विचारलं, "हे बदलता येईल ना?"

बघू म्हणाला, "बघू."

म्हणजे संपलंच. आमच्या मोडतोडने सल्ला दिला की चित्रं उलटी छापा. मोडतोड हा आमचा तपासनीस. आलेलं प्रत्येक यंत्र आधी त्याच्याकडे जायचं. लिहिलेलं खरं आहे का हे बघणं त्याचं काम, आणि बघता बघता ते यंत्र मोडणं हा त्याचा छंद. चित्रं उलटी छापली तर हात उजवा झाला, पण इस्त्रीचं बटणही पलीकडच्या बाजूला गेलं. शेवटी मी वैतागून माझा उजवा हात बघूच्या टेबलावर आपटला. म्हटलं, "हा घे. हलवत नाही. काढ काय काढायचं ते."

त्या दिवसापासून रोज दुपारी तीन वाजता बघू नुसता माझ्याकडे बघायचा आणि मी जाऊन बसायचे. ऑफिसात अमकी तमक्याचा उजवा हात आहे असं म्हणतात, ते बोलण्यापुरतं. मी मात्र चार वर्षं खरोखरच बघूचा उजवा हात होते. लहानपणी दारात सापडल्यामुळे माझी करंगळी जरा वाकडी आहे. तीसुद्धा त्याने आहे तशी काढली. आज कितीतरी घरांच्या माळ्यावर माझी वाकडी करंगळी धूळ खात पडली आहे. एवढी प्रसिद्धी आमच्या घराण्यात कोणाला मिळालेली नाही.

अर्धा तास हात धरून बसायचं म्हणजे बोलणं आलंच. मी बोलायचे, तो ऐकायचा. यावरून ऑफिसात जे काही बोललं गेलं ते मला ठाऊक आहे. तसं काही नव्हतं. पण तीन वाजायची मी वाट बघायचे, हेही खरं आहे.

शनिवारी अर्धा दिवस. सुटलो की मी, मोडतोड आणि बघू एखादं नवीन यंत्र घेऊन बघूच्या घरी जायचो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी एक वेताची खुर्ची आणि खुर्चीत बघूची आई. काकूंनी उभा जन्म एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करण्यात घालवला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर काही दिसायला लागलं नाही. आमचा खेळ असा की मी पत्रक मोठ्याने वाचायचं आणि काकूंनी कानावर पडेल तेवढंच करायचं. स्वतःची अक्कल एक कणभर वापरायची नाही. लोक नाटक-सिनेमाला जातात तेव्हा आम्ही हे करायचो. तिशीला टेकलेल्या तिघा शिकल्यासवरलेल्या माणसांची ही करमणूक.

फळांचा रस काढायच्या यंत्राचा शनिवार मी विसरणार नाही. मी वाचलं, "झाकण घट्ट लावा." काकूंनी लावलं. "वरून फळांचे तुकडे टाका." काकूंनी शांतपणे सगळे तुकडे बंद झाकणावर ओतले. "बटण दाबा." मोडतोड हसून हसून जमिनीवर आडवा झाला. मी म्हटलं, "अहो काकू, झाकणाला मधे भोक आहे, त्यातून!"

"भोकाचं कुठे लिहिलंयस?" काकू म्हणाल्या. "मी बाई लिहिलंय तेवढंच करणार. तू मनात काय धरलं होतंस ते मला काय ठाऊक?"

घरी जाऊन मी ते वाक्य अकरा वेळा बदललं. एका वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे यासाठी मी पगार घेते, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते.

त्याच दिवशी लादी पुसता पुसता काकू म्हणाल्या, "एवढं लिहिण्यापेक्षा नुसती चित्रंच काढा की रे. मला चित्र दिसतं." त्यानंतर बघूच्या वहीत एक शब्दही नसलेली पत्रकं दिसायला लागली. आठ चौकोन, आठ हात, झाला रस तयार. काकू ती बघून बरोबर करायच्या, न चुकता. मी तोंडभरून कौतुक केलं. आपल्या पोटावर पाय येत असताना कौतुक करायला मोठं मन लागतं. माझं तेवढं मोठं नव्हतं, मी नुसतं कौतुक केलं.

आणि मग नवे साहेब आले. जुने साहेब गोलमाल बोलायचे, हे होय किंवा नाहीवाले. आल्यानंतर महिन्याभरात एका मंगळवारी ते बघूच्या टेबलापाशी आले. तीन वाजून गेले होते, माझ्या हातात एक प्लग होता. साहेब म्हणाले, "दुसऱ्या शहरात शाखा उघडतोय. तिथे फक्त बिनशब्दांची पत्रकं करायची. तुमची वही मी पाहिली. चित्रांचं सगळं काम तुमच्या हाताखाली असेल. जाल का?"

बघूने पेन्सिल खाली ठेवली. मान वर केली. साहेबांकडे नीट बघत तो म्हणाला, "बघू."

हे वाक्य मी नीट लिहिते आहे, कारण माझं सगळं चुकलं ते इथेच. पेन्सिल खाली ठेवली. मान वर केली. साडेपाच वर्षांत त्याने एकदाही असं केलं नव्हतं, आणि मी वीतभर अंतरावर बसून हे बघितलं होतं.

संध्याकाळी जिन्यात साहेबांनी मला गाठलं. "तुम्ही त्यांना चांगल्या ओळखता. बघू म्हणाले, म्हणजे नेमकं काय समजायचं?"

मला म्हणता आलं असतं, 'साहेब, त्यालाच पुन्हा विचारा.' पाच शब्दही लागले नसते. पण मी हसले. जाणकारासारखी हसले. म्हटलं, "साहेब, त्याचा बघू म्हणजे नाही. अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे."

"बरं झालं सांगितलंत," म्हणून साहेब उतरून गेले. ध चा मा करणारीनेही निदान लेखणी हातात घेण्याचे कष्ट घेतले होते. माझं जिन्यात उभ्या उभ्या झालं.

दीड आठवड्याने, शुक्रवारी, फळ्यावर कागद लागला. नव्या शाखेसाठी भलत्याच कोणाचं तरी नाव होतं. बघू फळ्यासमोर उभा राहिला, जरा जास्तच वेळ. मग जाऊन बसला आणि तीन वाजता नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. मीही नेहमीसारखी गेले. मनात म्हटलं, बघ, त्याला कुठे जायचं होतं?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बघूच्या घरी बघू आणि मोडतोड खालून पंख्याचं खोकं आणायला गेले तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. "अगं, त्या कपाटामागची गुंडाळी काढ बरं. काल आल्या आल्या त्याने तिथे कोंबली."

मी कागद उलगडला. दोन खोल्यांच्या घराचा आराखडा होता. दारं, खिडक्या, ओटा, सगळं मापासकट. खिडकीशी वेताची खुर्ची काढली होती, आणि खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत किती पावलं ते बारीक रेघांनी दाखवलं होतं. चौदा. कागदावर अक्षर एकही नव्हतं. शेजारी त्या शहराचा नकाशा, आणि त्यावर नव्या ऑफिसपासून चालत जाता येतील अशा गल्ल्यांवर खुणा.

"आठ-दहा दिवस हेच चाललं होतं," काकू म्हणाल्या. "तिथे असंच घर शोधू म्हणाला, मला विचारून विचारून काढलं. मीही म्हटलं, चल, इथे तरी माझं कोण बसलंय. आणि आता म्हणतो साहेबांना दुसरा माणूस मिळाला. असं कसं गं? याने तर सांगितलं होतं ना, बघू म्हणून? मग बघतच होता की तो."

लाज वाटली म्हणणं फार मोघम झालं. झाकणावर फळं ओतलेली दिसत होती आणि या खेपेला ती मी ओतली होती. शब्दापलीकडचं मनाने धरलं ते मी. आणि मनाने तरी काय धरलं? जे मला सोयीचं होतं तेच. तो गेला असता तर तीन वाजले नसते, शनिवार उरला नसता, आणि बिनशब्दांची पत्रकं निघाली असती तर मजकूर लिहिणारीला कोण विचारणार होतं?

निघताना मोडतोड पुढे गेला. बघू मला कोपऱ्यापर्यंत सोडायला म्हणून खाली आला आणि शेवटच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधायला लागला. मी सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हटलं, आणि मी त्याला मान वर करताना बघितलं होतं तेही.

त्याने बांधलेली नाडी पुन्हा सोडली. मग म्हणाला, "म्हणजे साहेबांनी तुला विचारलं."

"हो."

"आणि तू मी असल्यासारखं उत्तर दिलंस."

"हो."

"मी या सोमवारी सांगणार होतो. आईची पावलं मोजून झाली की."

मी म्हटलं, "माझं चुकलं रे. सोमवारी साहेबांना जाऊन सांगते सगळं. मला माफ करशील का?"

"बघू," तो म्हणाला.

त्याची मान खाली होती. पण तो नाडी बांधत होता, तेव्हा मान खाली असण्याला काही अर्थ होता की नव्हता, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं त्याच्या बघूची मी तज्ज्ञ होते.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "आता त्या माणसाचं सामानसुद्धा हललं. आणि अहो, तुम्हीच तर सांगितलंत ना?" त्यांचं बरोबर होतं. तीन वाजता मी हातातलं काम बाजूला ठेवून बसले. बघूने माझ्याकडे बघितलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही.

गुरुवारी सकाळी पंख्याची चित्रं माझ्या टेबलावर आली. सुबक, स्वच्छ, नेहमीसारखी. प्लग लावणारा हात, जाळी बसवणारा हात, बटण फिरवणारा हात. सहा चित्रं, सहा हात, सगळे डावे. करंगळी सरळ.

चित्रात चूक दिसली तर पिवळी चिठ्ठी लावून परत पाठवायची, असा आमचा नियम आहे. मी चिठ्ठी काढली, 'हात डावा आहे' असं लिहिलं, आणि बराच वेळ ती बोटावर चिकटवून बसले. मग ती चुरगळून टोपलीत टाकली. चित्रांच्या वर 'वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा' हे लिहिलं आणि पत्रक आहे तसं छपाईला पाठवलं. ते कोणी वाचणार नाही. मी वाचलं.