विहाराची मागची भिंत

लेझरच्या कामात मला कुणी शिकवायला येऊ नये, एवढं मी सरळ सांगते. नवीन जालन्यात माझं दुकान आहे. ट्रॉफ्या, नावाच्या पाट्या हे तर सगळेच करतात. मी इमारतींची मॉडेलं करते. एमडीएफच्या पातळ शीटवर दगडी भिंत अशी कोरते की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढं जातो, दगड गार लागतो का ते बघायला. आधी सांधे काढायचे, मंग प्रत्येक दगडाला वेगळी खोली द्यायची. सगळे दगड एकसारखे कोरले की ती भिंत न्हाई, बिस्किटाचा पुडा वाटतो.

एकदा आमच्या गावच्या विहार समितीचं काम आलं. राजूरच्या पुढं आमचं गाव. तिथला जुना दगडी विहार पाडून मोठा नवा बांधला होता, आणि जुन्याचं मॉडेल काचेच्या पेटीत घालून नव्यात ठेवायचं होतं. तो जुना विहार माझ्या वडलांनी बांधलेला. अण्णा गवंडी. पाडायला त्यांनी विरोध केला न्हाई, जागा पुरत नव्हती हे त्यांनाही दिसत होतं. पण त्या दिवसापासून माणूस गप्पच झाला. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. मला ते बघवत नव्हतं. काम समितीचं असलं तरी मी ते अण्णांसाठीच घेतलं.

जयंतीच्या फोटोंवरून पुढची भिंत झाली, बाजूच्या दोन्ही झाल्या. मागच्या भिंतीचा फोटोच कुणाकडं नव्हता. तिच्यामागं हातभरावर गोठा, तिथं कोण फोटो काढायला जातंय? मी पुढचंच डिझाइन दरवाजा वगळून मागं लावलं आणि मोकळी झाले. मंग अण्णांना दुकानात बोलावलं. त्यांनी पुढची भिंत बघून मान हलवली आणि मॉडेल फिरवलं.

"ही कुणाची भिंत?"

"मागची, अण्णा."

"मागची अशी नव्हती. खाणीचा दगड बाकीच्या तीन भिंतींतच संपला. मंग लोकांनी घरटी एक धोंडा आणून दिल्ता."

कुणी फुटकं जातं दिल्तं, कुणी उंबऱ्याचा दगड, कुणी बांधावरचा. माझ्या आईनं तर वापरातला पाटा दिल्ता, आणि मंग दोन वर्षं चटणी वाटायला शेजारी जायची. आई आता न्हाई. मला रडू आलं आणि रागही आला. एवढ्या वर्षांत का न्हाई सांगितलं? तर म्हणतात, "विचारलं कुणी?"

घ्या आता! मी ती भिंत तिथल्या तिथं उचकटून काढली. कागदावर काढून दाखवा म्हटलं तर त्यांना जमेना. मंग ते दुकानाच्या भिंतीकडं तोंड करून उभे राह्यले आणि हातानं जागा दाखवायला लागले. "हे इथं, गुडघ्याला, जातं. कमरेला, डाव्या हाताला, तुझ्या आईचा पाटा." मी खडूनं खुणा करत गेले. पाट्याला टाकी लावल्याचे ठिपके कोरले, तर ते फार बारीक पडले. अण्णा बोट फिरवून म्हणाले, "यावर मिरची घसरंल." पावर वाढवली. चौथ्या खेपेला बराबर उतरलं.

उद्घाटनाच्या दिवशी समितीनं पेटी नेमकी भिंतीला चिकटवून ठेवली. माझं डोकंच फिरलं.

"मागं काय बघायचंय, ताई?" अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्या आजीचा धोंडा."

मंग त्यांनी स्वतः हात लावून पेटी हॉलच्या मधोमध ओढली.

गावातल्या म्हाताऱ्या बाया पेटीच्या मागं जमल्या. एका काकूंनी काचेला नाक लावलं आणि अण्णांना हाक मारली.

"मिस्तरी, माझं जातं एवढं खाली नव्हतं. छातीला होतं. मी स्वतः उचलून दिल्तं."

"गुडघ्याला होतं, वहिनी."

"बिलकुल न्हाई!"

"भिंत मी बांधली का तुम्ही?"

"आन् जातं कुणाचं?"

तेवढ्यात दुसरीचा उंबरा चुकला, तिसरीचा धोंडा तर मुळातच न्हाई. अण्णा एकेकीशी तावातावानं भांडत होते. छातीवर, गुडघ्यावर हात मारून जागा दाखवत होते, आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. विहार पाडल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. काकूंचं म्हणणं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला, हसले आणि माझ्यावरच ओरडले, "बघत काय उभी राह्यलीस? लिहून घे जल्दी! भिंत परत कोरायचीय."

जवळ कागद नव्हता. मी पेन काढला आणि दगडांच्या जागा तळहातावर लिहायला लागले.