कपाटाचं कुलूप लावलेली टॅक्सी

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार. रक्कम तीन लाख, बाबांच्या मुदतठेवीतली. ठेव मोडायच्या अर्जावर त्यांची सही करून ठेवलेली. हजर आम्ही तिघं: बाबा, माझी बायको आणि मी. मुलुंडच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. जुन्या गाड्यांचा ऑनलाइन लिलाव दुपारी चारला संपणार होता.

गाडी बाबांची होती, म्हणजे एके काळची. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी टॅक्सी घेतली आणि एकवीस वर्षं घाटकोपर स्टेशनाबाहेर लावली. पुढे परमिट सोडून अठ्ठावीस हजारांना विकली. घेणाऱ्याने काळापिवळा रंग काढून पांढरा दिला आणि गाडी साताऱ्याकडे नेली. त्यानंतर ती आम्हाला दिसली ती थेट या लिलावाच्या फोटोत. डाव्या मडगार्डवर मीटरची चार भोकं बुजवलेली. डॅशबोर्डच्या कप्प्याला स्टीलच्या कपाटाचं कुलूप. दिवसभराचा गल्ला तिथे राहायचा म्हणून बाबांनीच ते बसवलं होतं. फोटोखाली लिहिलं होतं, ‘कुलूप मूळचे नाही, किल्ली उपलब्ध नाही.’ ते वाचून दाखवल्यावर बाबा उठले आणि देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली घेऊन आले. तरी मी चासी नंबर मागवून जुन्या पावतीशी ताडला. जुळला.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यापासून ते स्वतःहून काही मागत नाहीत. ही गाडी त्यांनी मागितली, आणि तीसुद्धा स्वतःच्या पैशांनी. तीन लाखांवर एक रुपया नाही, हेही त्यांनीच ठरवलं. उरलेली ठेव त्यांच्या आजारपणासाठी आहे.

मी आधी हिशोब केला. टोचन लावून गाडी आणायला आणि कागदपत्रांना पंधरा हजार बाजूला. उरलेल्यातून लिलाव कंपनीचं पाच टक्के कमिशन आणि त्यावरचा जीएसटी वजा केला, तर बोली दोन लाख एकोणसत्तर हजारांच्या पुढे जाऊ शकत नव्हती. बोली पाच-पाच हजारांच्या टप्प्याने चालते. म्हणजे आमची शेवटची पायरी दोन पासष्ट. दोन वर्षांपूर्वी अशी गाडी लाखाच्या आत मिळताना मी याच साइटवर पाहिली होती; आता भाव चढले होते. तरी साडेतीनला आमची बोली दोन लाख पाच हजारांवर सगळ्यांच्या वर होती. मी निश्चिंत होतो.

“तेंका सांग गाडी माझी आसा म्हणान,” बाबा म्हणाले.

“बाबा, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. नुसते नंबर असतात.”

“म्हणान तर सांगूचा.”

ते कशावरून बोलत होते ते मला कळलं. आमच्या सोसायटीत गणपतीच्या शेवटच्या दिवशी नारळाचा लिलाव होतो. बोली कितीही तापलेली असो, एखादा वयस्कर माणूस उठून म्हणाला की हा नारळ आमच्याकडे येऊ द्या, घरात अमुक कारण आहे, की बाकीचे थांबतात. नातीच्या बारावीच्या वर्षी बाबा असेच उठले होते. अकराशेला नारळ घरी आला.

“लिहा ना,” बायको म्हणाली. “खोटं थोडंच आहे?”

बोलींच्या खाली लोक चार शब्द लिहितात, तिथे मी लिहिलं: ‘माझ्या वडिलांनी ही गाडी एकवीस वर्षं टॅक्सी म्हणून चालवली. कप्प्याची किल्ली अजून त्यांच्याकडे आहे. त्यांना गाडी परत हवी आहे.’

थोडा वेळ एकही बोली आली नाही.

“बघ,” बाबा म्हणाले. “माणसाक माणूस कळता.”

मग कोणीतरी खाली लिहिलं, ‘अस्सल मुंबई टॅक्सी, एकाच हातातली, किल्लीसकट इतिहास. अशी परत मिळणार नाही.’ लगेच दोन वीस. मग दोन चाळीस. मी दोन पंचेचाळीस टाकले. समोरून दोन साठ. मी दोन पासष्ट. समोरून दोन नव्वद.

“टाक अजून.”

“नाही बाबा.”

“माझे पैसे आसत.”

“तुमचेच आहेत. तीन लाख तुम्हीच ठरवलेत. पुढचे तुमच्या औषधाचे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही.”

बाबा स्क्रीनकडे बघत बसले. चार वाजून गेले तरी लिलाव संपेना, कारण शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढतो. तीन साठ, चार दहा, चार ऐंशी. बाबा हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. पाच चाळीसला सगळं थांबलं.

“अठ्ठावीस हजाराक इकलंय मी. किती पट झाली?”

“एकोणीस पटीच्या थोडी वर.”

“आणि सीट माझ्याच हातची फाटलेली.” मग म्हणाले, “माझीच गाडी मीच म्हाग केलंय रे.” पण आवाजात तक्रार नव्हती.

आठवड्याभरात कंपनीमार्फत निरोप आला. गाडी बोरिवलीच्या एका गृहस्थांनी घेतली होती. किल्लीचे ते पाच हजार द्यायला तयार होते.

“किल्ली इकूची नाय,” बाबा म्हणाले. “गाडी घेवन ये म्हणान सांग.”

पुढच्या महिन्यात एका रविवारी ते गाडी घेऊन आले. पन्नाशीचे, बोलायला मोकळे. बाबांनी मडगार्डवरून हात फिरवला, बुजवलेली भोकं चाचपली. कुलपात खोबरेल तेलाचा थेंब सोडला आणि किल्ली फिरवली. कप्प्यात फक्त मीटरच्या आकड्याला किती रुपये ते सांगणारं भाड्याचं कार्ड होतं, त्या काळातलं, कडा पिवळ्या पडलेलं.

“काका, पुढे बसा ना.”

“नाय. एकवीस वर्षां भाडी मागे बसयलंय. आज मी बसतंय.”

ते मागे डावीकडे बसले, मी शेजारी. घाटकोपर स्टेशनाबाहेरचा जुना स्टँड सांगितला. स्टिअरिंगपाशी असलेला गिअर त्या गृहस्थांच्या हाताला अजून बसला नव्हता.

“क्लच पुरो दाब रे. हां. घाई कोणाक आसा?”

“काका, पाच चाळीस मोजलेत, जरा सांभाळून बोला.”

“मोजलंस तू, शिकवतंय मी फुकट.”

भांडुप येईपर्यंत गिअर विनाखडखड पडू लागला होता. बाबा काच खाली करून बसले, एक हात दारावर. स्टँडवर गाडी थांबली तरी उतरले नाहीत.

“भाडा किती झाला?”

गृहस्थ हसले. बाबा हसले नाहीत. मी किलोमीटरवरून मीटरचा आकडा काढला; कार्डावर त्यापुढे ब्याऐंशी रुपये होते. बाबांनी शंभराची नोट पुढे केली. गृहस्थांनी खिसे चाचपले. फोनवर पैसे देणाऱ्या माणसाकडे नोटा कुठून असणार?

“टॅक्सी घेतलंस, मग सुट्टे ठेवूक शिक,” बाबा म्हणाले. त्यांनी ती नोट कप्प्यात ठेवायला लावली, कुलूप लावून घेतलं आणि किल्ली गृहस्थांच्या हातात दिली.

ठेव मोडायचा अर्ज मी फाडला. लिलावासाठी भरलेली दहा हजारांची अनामत पूर्ण परत आली. गाडीपायी आमच्या घरातून शेवटी गेले ते शंभर रुपये, बोरिवलीच्या त्या गृहस्थांना. त्यातले अठरा अजून यायचे आहेत.