आधी पान, मग वळण

विलास परब गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली. निवृत्तीनंतरही मी एका क्लासचे भूगोलाचे पेपर तपासते, त्या गठ्ठ्यात बसले होते. आमच्या जुन्या कार-रॅलीवाल्यांचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर 'शुभ सकाळ' आणि भंगारात गेलेल्या गाड्यांचे फोटो यांपलीकडे काही येत नाही. त्या दिवशी दोन ओळी आल्या. विक्रोळीच्या गाळ्यात, म्हणजे त्याच्या गॅरेजमध्ये, विलास गाडीखालून बाहेर आला, चहा प्यायला बसला आणि बसल्या जागीच गेला. वय अठ्ठावन्न. मी हातातला पेपर पुरा तपासला आणि मग त्याच्या बायकोला, नंदाला, फोन लावला.

आमची ओळख या शतकाच्या अगदी सुरुवातीची. मी तेव्हा मुलुंडच्या एका शाळेत शिकवायचे आणि विलासची भाची माझ्या वर्गात होती. एका पालकसभेला आईऐवजी मामा आला. भाचीच्या गुणांबद्दल अवाक्षर न काढता त्याने विचारलं, "बाई, नकाशा वाचता येतो ना तुम्हाला? चालत्या गाडीत?" मी म्हटलं, उभ्या वर्गात येतो, गाडीत कधी वाचून पाहिला नाही. "उलटी होते काय?" "नाही." "मग झालं की! पुढच्या रविवारी या." मी का गेले हे मला आजही नीट सांगता येणार नाही. अडतीस वर्षांची बाई, घरात सासूबाई, शाळेत तिमाही परीक्षा... पण गेले खरी. शेवटपर्यंत तो मला 'बाई' आणि 'तुम्ही'च म्हणत राहिला, आणि मी त्याला अरेतुरे करत राहिले.

ते दिवसच तसे होते. रविवारी केबलवर परदेशातल्या शर्यती दिसायच्या, लाल गाडीवाला जिंकायचा, आणि अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत ज्याच्या दारात साधी हॅचबॅक उभी होती त्यालाही आपण थोडक्यात हुकलो असं वाटायचं. जुहूकडची पोरं मोठाल्या गाड्या घेऊन गाळ्यावर यायची. त्यांना गाडी पळवायची नसे, गाजवायची असे. असं कोणी जाड सायलेन्सर मागितला की विलास थेट मालवणीत शिरायचा, "आवाज होयो तर भोंगो लाव मरे!" त्याचं स्वतःचं काम अगदी उलट चालायचं. आधी गाडीतून काढायचं, मग घालायचं. मागची सीट, गालिचा, दारांची आतली आवरणं, सगळं बाहेर. मग लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करून आत बसवायचा. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हा सायबर कॅफेत बसून तो इंजिनाच्या चिपा शिकला. कंपनीत फिटर असलेल्या बापाचा हा मुलगा दहावीला इंग्रजीत नापास झाला होता, आणि इंग्रजी मॅन्युअलं त्याला पाठ होती.

माझं काम नोंदींचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच रस्त्यावरून सावकाश जायचं. ड्रायव्हर वळणं सांगतो, शेजारचा वहीत उतरवतो. एक म्हणजे अगदी आवळलेलं वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ रस्ता, आणि मधले मोठे आकडे म्हणजे मीटर. शर्यतीच्या दिवशी हेच उलटं होतं. मी वाचायचं आणि पुढचं दिसत नसलं तरी माझ्या शब्दावर त्याने गाडी सोडायची. आमच्या नोंदी मराठीत असत. "उजवं चार, पन्नास, माथ्यावरून डावं दोन, आवळतंय." बाकीच्या गाड्यांत इंग्रजी चाले, आणि आमच्यावर लोक हसत. हसणारे बहुतेक वेळा आमच्या मागे असत.

नाशिकच्या बाजूला एक रॅली होती. विलासच्या दृष्टीने तीच महत्त्वाची, कारण कोइमतूरच्या एका मोठ्या संघाचा व्यवस्थापक त्याला पाहायला आला होता. कमी वेळात रॅली पुरी केली तर पुढच्या मोसमात त्यांची गाडी मिळणार होती. आमच्यात सुरुवातीला गाडीची पूजा व्हायची, चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर वही. कुंकू वहीलाही लागायचं. त्या दिवशी मी नारळ वहीच्या फार जवळ फोडला. पाणी उडालं, ते रुमालाने टिपलं, आणि वही घेऊन आत बसले.

तिसऱ्या टप्प्यात मी वाचलं, "माथ्यावरून डावं पाच." चढाच्या माथ्यापलीकडे उजवं दोन होतं. गाडी रस्त्याकडेच्या दगडी बांधावर आदळली. विलासचा उजवा हात मोडला, मला खरचटलंसुद्धा नाही. त्याला उचलून नेत होते तेव्हा बांधावर बसून मी वही उघडली. नारळाच्या पाण्याने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. उजवं दोन त्या चिकटलेल्या पानांच्या आत राहिलं होतं. मी नखाने पानं सोडवली आणि वही पर्समध्ये टाकली.

व्यवस्थापक दवाखान्यात आला. विलास त्याला म्हणाला, "ब्रेक उशिरा मारला. माझी चूक." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तोंड उघडलं नाही.

आमच्या हेल्मेटमधले हेडफोन जुने होते, खरखरायचे. त्याला वाटलं असेल आपणच चुकीचं ऐकलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. कोइमतूरची गाडी दुसऱ्याला मिळाली. मी शाळेचं कारण सांगून रॅली सोडली आणि पुन्हा कधी गाळ्यात पाऊल टाकलं नाही. विलास मात्र मुलुंडला आला की घरी डोकवायचा, चहा घ्यायचा, गप्पा मारायचा. प्रायोजक गेले, संघ बंद पडले, नव्या गाड्यांना हात लावायचा तर आधी लॅपटॉप जोडावा लागतो, असं सगळं सांगायचा. नाशिकचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवला... असो.

घाटकोपरला शोकसभा झाली. एक जुने ड्रायव्हर प्रेमाने म्हणाले, "आपला विलास आयुष्यात एकदाच चुकला, नाशिकला." सगळ्यांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत होते. मीही हलवली. ती मान मला अजून छळते.

म्हणून तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी गाळ्यात गेले. नंदा तिथेच होती. जॅकवर चढवलेल्या गाडीत विलासच्या हाताखाली तयार झालेली दोन पोरं सराव करत होती. समीर डोळे मिटून स्टिअरिंगवर, आणि शेजारी वही घेऊन बोरीवलीची ऋतुजा.

"पान चार." "हं." "उजवं तीन, शंभर..." "पान पाच." "हं."

पानाचे आकडे कशाला बोलता, असं मी विचारलं.

"काकांचा नियम आहे, मॅडम," ऋतुजा म्हणाली. "पान बोलल्याशिवाय वळण बोलायचं नाही. ड्रायव्हरने 'हं' म्हटलं तरच पुढे. लोक हसतात आम्हाला, पण काकांपुढे कोण बोलणार!" तिने भिंतीकडे बोट दाखवलं. ऑइलपेंटने वेडंवाकडं लिहिलं होतं, 'आधी पान, मग वळण.'

"नाशिकहून आले ना, त्याच आठवड्यात लिहिलंय," नंदा म्हणाली. "डाव्या हाताने."

मी एका जुन्या टायरवर बसले. मग मी त्या तिघांना सगळं सांगितलं. नारळ, पानं, पर्समधली वही. ऋतुजाने आपल्या वहीची पानं चाळून पाहिली. नंदाला मात्र आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "'बाई स्वतः बोलतील, आपण नाही बोलायचं,' असं म्हणायचे. तुमच्याकडून आले की मी विचारायची, 'आज बोलल्या काय?'"

"मग?"

"म्हणायचे, 'चहा चांगला होता.'"