रुहीला उतरवून घेणारे आजोबा

जगन्नाथ वैरागडे यांना दिवसभरात काम म्हणाल तर एकच. दुपारी तीन वीसला कोपऱ्यावर जायचं आणि सहा वर्षांच्या नातीला, रुहीला, स्कूल बसमधून उतरवून घ्यायचं. हसू नका. नागपूरला वीज मंडळात असताना साहेब लोकांना खांबाखाली उभं करून सुनावणारा हा माणूस अमेरिकेत, मुलाकडे हर्नडनमध्ये, या एका कामावर तग धरून होता. त्यासाठी ते दोन वाजताच दाढी करत, इस्त्रीचा शर्ट चढवत. बाकी घरात त्यांना हात लावू देतं कोण? भांडी मशीन घासतं, फरशी मशीन पुसतं, आणि बटण चुकलं की सून सुलेखा गोड आवाजात म्हणते, "राहू द्या बाबा, मी करते." त्या गोडव्याचीच त्यांना चीड येई.

त्या मंगळवारी त्यांना चेहऱ्याने ओळखणाऱ्या नेहमीच्या ड्रायव्हरबाई रजेवर होत्या. बदलीवरच्या बाईंनी नाव विचारलं, हातातली यादी पाहिली, पुन्हा पाहिली. लहान मुलाला यादीतल्या माणसाच्याच ताब्यात द्यायचं, असा नियम. जगन्नाथरावांचं नाव यादीत नव्हतं. बाईंनी रुहीला विचारलं, हे तुझे डॅड का?

"नो," रुही म्हणाली. "ही लिव्ज विथ अस." आमच्याकडे राहतात, एवढंच.

पोरीचं काय चुकलं? खरं तेच बोलली. ग्रँडफादर हा शब्द जगन्नाथरावांना चांगला येत होता, पण त्या क्षणी तोंडातून फुटेना. आपण खरंच कोण, असं त्यांचं त्यांनाच वाटून गेलं. दार मिटलं आणि बस रुहीला परत शाळेत सोडायला घेऊन गेली.

शाळा चार मैलांवर, वाटेत फुटपाथ नाही. मुलगा मिहीर मीटिंगमध्ये, सुलेखा ऑफिसात, कुणीच फोन उचलेना. अर्ध्या तासाने शेजारची मंजुषा रुहीला गाडीतून घेऊन आली. शाळेने तिलाच फोन केला होता. तिचं नाव यादीत होतं.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका," संध्याकाळी मिहीर समजावू लागला. "यादीत इमर्जन्सीला ड्राइव्ह करणारं माणूस लागतं, म्हणून तुमचं नाव दिलं नव्हतं. उद्यापासून मंजुषाच तिला घेईल. तुम्हाला उन्हातान्हात त्रास नको."

"मला परत पाठव," जगन्नाथराव म्हणाले.

"आत्ता? ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. देश सोडला तर सगळं कॅन्सल. निदान एक वर्ष तरी थांबा. आणि नागपूरचा फ्लॅट विकला ना आपण, राहणार कुठे?"

"मग वर्षभर मी काय करू?"

"काही करू नका हो," मिहीर अगदी मायेने म्हणाला. "आयुष्यभर राबलात. आता आराम करा."

यावर भांडायचं तरी कसं? मुलगा वाईट वागला असता तर चार शब्द ऐकवता आले असते. त्यांनी ताट पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी उभे राहिले. बस आली, मंजुषाने हात पुढे केला, रुही उडी मारून उतरली आणि दोघी बोलत बोलत निघाल्या. पोर वेळेवर घरी पोचली. कुणाचंच काही अडलं नाही.