एका दिवशी एकच शब्द

“घाई न्हाई, भाऊ,” म्हणत बाई आधी बोटं पदराला पुसायच्या आणि मगच लॅपटॉपला हात लावायच्या. तिसगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांचा उतावळेपणा तुम्हालाही ठाऊक असेल, ‘झालं का?’ असं विचारतच माणूस आत येतो. घाई नसलेलं एवढं एकच गिऱ्हाईक मी पाहिलं.

बाई अंगणवाडी सेविका. एकुलती एक मुलगी नगरला इंजिनिअरिंगला होती, होस्टेलवर राहायची. दोन दिवसांच्या तापात गेली. मागे तिचा लॅपटॉप राहिला, तोही वर्षभरात बंद पडला. तेव्हा बाईंनी नवा घेतला आणि दोन्ही माझ्या टेबलावर आणून ठेवले.

“नव्यात तिचं बसवा.”

जुन्याची डिस्क शाबूत होती. मुलगी लिनक्स नावाची वेगळी प्रणाली वापरायची, नव्यात विंडोज होतं. मी समजावलं, दोन्ही शेजारी शेजारी राहतील. सुरू केलं की पडद्यावर दोन ओळी येतील, हवी ती निवडायची. दहा सेकंदांत निवडली नाही तर विंडोज आपोआप उघडेल.

“धा सेकंद? माजी पोरगी हाक मारल्यावर उठाया अर्धा तास लावायची. थांबाया सांगा त्याला.”

मी ती मोजणीच काढून टाकली.

दुसरी ओळ निवडली की मुलीचं नाव यायचं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. उघडून देऊ का, असं मी विचारलं.

“नगं. तिचं हाय. तिलाच इचारीन.”

आणि त्या खरंच विचारू लागल्या. रोज अंगणवाडी सुटली की लॅपटॉप घेऊन दुकानात यायच्या आणि चौकटीत एक शब्द टाकून बघायच्या. लहानपणीच्या शेळीचं नाव, बालमैत्रिणीचं नाव, आवडत्या खाऊचं नाव. शब्द एका जुन्या हजेरीच्या वहीत लिहिलेले असायचे. चुकला की त्यावर रेघ. दुसरा मात्र त्या दिवशी नाही. “लई इचारलं की चिडायची ती,” बाई म्हणायच्या.

घरचे शब्द संपले तेव्हा एसटीने नगरला गेल्या, मुलीच्या होस्टेलच्या मैत्रिणींना भेटल्या. परतताना दुकानात डोकावल्या. चेहरा उजळलेला.

“तिला कारलं आवडायचं, भाऊ! घरी ताटाकडं बघून तोंड वाकडं करायची. लबाड कुठली!”

हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. गेलेल्या मुलीशी अशी नव्यानं ओळख करून घेणारी आई मी दुसरी पाहिली नाही.

नको तो शहाणपणा केला मी. कीबोर्डचं एक बटण अडकतं म्हणून एकदा त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे ठेवला. इतकी वर्षं ही बाई दारात उभी आहे, आपण दार उघडून द्यावं, असं मला वाटलं. पाच मिनिटं लागली. संध्याकाळी त्या आल्या. “बाई, उघडलं बघा!” म्हणत मी पडदा त्यांच्याकडे फिरवणार, तोच त्यांनी हात पुढे करून झाकण लावलं. त्या दिवशी बोटं पुसायचंही राहिलं.

“मंग उद्या मी काय इचारू तिला?”

मला माझीच लाज वाटली. मुलीच्या जुन्या डिस्कवरून मी सगळं होतं तसं परत बसवून दिलं. नेताना त्यांनी विचारलं, “तुमाला काय दिसलं तर न्हाई ना?”

“काही नाही,” मी म्हणालो. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

मला दिसलं होतं. पडद्यावर बाईंचाच फोटो होता. अंगणवाडीच्या दारात बसून एका चिमुरडीची वेणी घालताना, त्यांच्या नकळत काढलेला.

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. त्यांचा भाऊ लॅपटॉप आणि वही घेऊन आला. “आमाला ह्यातलं कळत न्हाई. तुमीच ठिवा.”

वही चाळली. पानंच्या पानं रेघा. फक्त पहिल्या पानावरचा पहिलाच शब्द खोडलेला नव्हता. ते बाईंचं स्वतःचं नाव होतं. सगळ्यात आधी लिहिलेलं आणि एकदाही टाकून न पाहिलेलं. चुकलं तर काय, ही भीती वाटली असणार.

मी अधूनमधून तो लॅपटॉप सुरू करतो. दोन ओळी येतात आणि थांबून राहतात. दुसरी निवडली की मुलीचं नाव, खाली रिकामी चौकट. बाईंचं नाव टाकून बघायचा धीर मलाही होत नाही. आत त्याच बसल्या आहेत, हे सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होतं. आणि त्यांनी विचारलं तेव्हा मी ‘काही नाही’ म्हणालो.