युसूफ मास्तरांची वरची पट्टी

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. “विमलताई, मास्तर गेले...” एवढंच बोलून आमचा ट्रम्पेटवाला सुभाष रडायला लागला. मला मात्र, खरं सांगते, हसू आलं. डोळ्यांपुढं एकदम सोयगावची ती संध्याकाळ उभी राहिली.

तेव्हाच्या औरंगाबादेत युसूफ मास्तरांचा ऑर्केस्ट्रा नावाजलेला होता, तो त्यांच्या पियानोमुळं. छावणीतल्या कुठल्याशा बंगल्याच्या लिलावात घेतलेलं ते धूड गाद्यांत गुंडाळून टेम्पोत चढायचं आणि लासूर स्टेशनपासून वाळूजच्या गणपतीपर्यंत आमच्याबरोबर फिरायचं. मी गायचे, मास्तर वाजवायचे. पुढं काखेत मावणारे कीबोर्ड आले आणि आमचे कार्यक्रम आटले. सोयगावची भीमजयंती तेवढी हातात होती. ती पडली तर ऑर्केस्ट्रा मोडायचा, असं मास्तरांनी सांगूनच टाकलं होतं.

नेमका वाटेतल्या खड्ड्यात टेम्पो आदळला. पियानो उतरवून बघतो तर मधल्या सप्तकातली एक पट्टी मुकी, आणि तीही माझ्या ‘सा’ची! समोर मैदान भरलेलं. आयोजक म्हणाले, “मास्तर, राहू द्या हे. कीबोर्ड मागवतो.”

“व्हय, मागवा की. तवर आमचं आयका,” मास्तर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “विमल, समदी गाणी दोन सूर वर घे. मंग त्या मुक्या पट्टीची गरजच नाय.”

“मास्तर, गळा फाटेल माझा!”

“फाटू दे. मी शिवून देतो.”

मग गायले. काय गायले मी त्या दिवशी! रसवंतीवर बसलेली माणसं ग्लास तसेच ठेवून पुढं आली, ‘वन्स मोअर’ संपेना. कीबोर्ड आला तो खोक्यातच राहिला. त्यानंतर बोलवायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “बाईंना त्या सोयगावच्या आवाजात गाऊ द्या.” पियानो दुरुस्त झाला, पण आम्ही काही पुन्हा खाली उतरलो नाही. कैक वर्षं गाजवली.

मास्तरांची एक सवय होती. कार्यक्रमाच्या शेवटी ते प्रत्येक वादकाचं नाव पुकारायचे, स्वतःचं सोडून. मी चिडायचे. “ज्याला ऐकू आलं त्याला ठाऊक हाय,” म्हणून ते हसायचे. परवा शोकसभेत आम्ही उरलेली म्हातारी मंडळी वाजवायला बसलो आणि नावं पुकारणं माझ्याकडं आलं. सगळ्यांची घेतली. मग गळ्यात होता नव्हता तेवढा जोर लावला, “आणि पियानोवर... युसूफ मास्तर!”

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. तिथं माणसं उभी राहून वाजवत होती, आणि थांबायचं नाव घेत नव्हती.