काशिरामचं बियाणं

नवीन पनवेलच्या एका लॅबमध्ये काशिराम कोळी बाटल्या धुवायला म्हणून लागला आणि सात-आठ वर्षांत बाटल्यांचा अर्धा डॉक्टर होऊन बसला. कंपन्या आपली रसायनं पाठवायच्या. ती पाण्यात कुजून संपतात की तशीच राहतात, हे लॅबने सांगायचं. बाटलीत पाणी, त्यात थोडं रसायन आणि वर चमचाभर जंतूंचं पाणी. त्याला तपासणी बघणाऱ्या कुमुद मॅडम ‘सीड’ म्हणायच्या, काशिराम बियाणं. मग अठ्ठावीस दिवस बाटली अंधाऱ्या कपाटात. जंतूंनी रसायन खाल्लं, तर पाण्यातला ऑक्सिजन उतरायचा आणि माल पास. नाही खाल्लं, तर नापास.

बियाणं आणायचं काम काशिरामचं. राहत्या वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावरून कॅन भरून आणायचा, बस्स.

२०११च्या दिवाळीनंतर एक माल आला. कंपनीचं नाव वाचून काशिरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचाच नाला त्याच्या गावाखाली खाडीत उतरायचा. त्या खाडीत त्याची बायको गुणाबाई चिखलात हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले बोटभर मासे, धरायची, आणि दोन वर्षं झाली, तिच्या हातांना कोपरापर्यंत फोड. निवट्या टोपलीचा तळ झाकतील तर शपथ. जिताड्यासारख्या मोठ्या माशाचं तर नावच काढू नका. आता हा माल नापास झाला, तर कंपनीला तो नाल्यात सोडता येणार नव्हता. काशिरामला तेवढंच हवं होतं, आणि न राहवून त्याने घरी सांगूनही टाकलं.

“बगशील तू. महिन्याभरात त्यांचा नाला बंद.”

“तुमच्या तोंडान साकर पडो,” गुणाबाई म्हणाली.

इथेच थांबला असता तर बरं होतं. पण गड्याला शहाणपण सुचलं. वसाहतीतले जंतू खाऊनपिऊन सुखी. ते मेले काहीही पचवतील. आपल्या खाडीत मासा जगत नाही, तिथले जंतू अर्धमेलेच असणार, ते कसलं रसायन खातात? ओहोटीला तो नाल्याच्या तोंडाशी उतरला, चिखलाचं पाणी कॅनमध्ये भरलं आणि वहीत नेहमीसारखं ‘सांडपाणी केंद्र’ लिहून मोकळा झाला. मनाला टोचणी म्हणाल तर अजिबात नव्हती, खोटं कशाला बोला.

अठ्ठाविसाव्या दिवशी कुमुद मॅडमनी रिपोर्टवर सही करून तो पाठवूनही दिला.

“काशिराम, इतका झटपट पास होणारा माल मी पाहिला नाही हो.”

काशिरामने विचारलं, “मॅडम, जिथं वर्षानुवर्षं असलाच माल पडतोय, तिथलं बियाणं घेतलं तर?”

“मग फडशाच पाडतील. दुसरं काही न मिळता जे जगले, ते तेच खायला शिकलेले असतात. म्हणून तर तिथलं घ्यायचं नाही, असा नियम आहे.”

“पण ते खातात, तर मग खाडी का मरते?”

“बाटलीत थेंब असतो, खाडीत टँकर येतो. आणि खाताना जो ऑक्सिजन संपतो ना, तो माशांच्या वाटणीचा.”

काशिरामने सगळं सांगून टाकलं. मॅडमनी डोक्याला हात लावला. बाई सरळ; त्याला घेऊन थेट लॅबमालक परेशशेठच्या केबिनमध्ये गेल्या. शेठ ओरडतील, नोकरी जाईल, पण रिपोर्ट तरी परत येईल, अशी काशिरामला आशा होती. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

“नाल्याच्या तोंडाशी ना? पुढच्या मालालाही तिथलंच आणा,” ते म्हणाले. “वहीत लिहिता तेच लिहा.”

मॅडम महिन्याभरात नोकरी सोडून गेल्या. काशिरामला जायला जागा नव्हती. गावात त्याने तोंड उघडलं नाही. काय सांगणार, कपाळ?

दर महिन्याला ओहोटी बघून तो कॅन घेऊन आपल्याच खाडीत उतरतो. गुणाबाई गुडघाभर चिखलात उभी असते, फोडांवर खोबरेल चोपडून. नवरा खाडीची फिर्याद घेऊन चाललाय, असं तिला वाटतं.

“या वक्ताला तरी नापास व्हईल ना वो?”

“बगू,” काशिराम म्हणतो.

“तितला नको. हितला घ्या, हितं लय घान हाय,” म्हणून ती कॅन त्याच्या हातातून घेते आणि स्वतः भरून देते.